लातूरचं एक अंगण, तरवड आणि पाणी जास्त होऊन मेलेली सात झाडं

मी लातूरला छोट्या बागा करून देतो, घरापुढच्या, शाळेच्या, एखाद्या हॉस्पिटलच्या. फार मोठा धंदा नाही. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण यात माझीच चूक होती आणि ती मी बरेच दिवस दुसऱ्यांवर ढकलत होतो.

घर एका रिटायर्ड गुरुजींचं. प्लॉट ४० बाय ६०, बांधकाम साधारण १०५० स्क्वेअर फूट, उरलेल्या जागेत पार्किंगचे पेव्हर, मागं मोरी आणि धुण्याचा दगड, आणि पुढं जवळजवळ ५०० स्क्वेअर फुटाचं लॉन. घर बांधलं तेव्हा कुणीतरी कॉन्ट्रॅक्टरनं पॅकेज दिलं होतं, लॉन, कडेनं क्रोटॉन, दोन अरेका पाम, आणि कंपाउंडला लागून कोनोकार्पस या परदेशी झाडाची रांग. तेव्हा सगळीकडं हेच पॅकेज मिळायचं, आत्ताही मिळतं.

मग २०१६ आलं. बाहेरच्यांना लातूर तेव्हापासून माहीत झालं असं म्हणायला हरकत नाही. नळाला आठवडेच्या आठवडे पाणी नाही, मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली आणि ते पावसाळ्यापर्यंत चाललं. त्या उन्हाळ्यात लॉनला पाणी घालणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर दार आपटण्यासारखं होतं. गुरुजींनी मार्चमध्येच बंद केलं. मे अखेरीस तिथं चटईसारखं काहीतरी उरलं होतं, पायाखाली कुरकुर वाजायचं. पाम गेले, क्रोटॉन गेले. कोनोकार्पस मात्र हिरवागार, आणि कोपऱ्यातली एक जुनी बोगनवेल अशी फुललेली की जणू तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०१७ च्या मे मध्ये, त्यांनी मला बोलावलं. परत लॉन करायचं नाही आणि टँकर लागेल असं काही लावायचं नाही, एवढं त्यांचं पक्कं होतं.

मी आधी त्यांना लॉनचा हिशोब करून दाखवला, तो इथंही देतो कारण लोकांना हा आकडा कळला की अर्धं काम होतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. ५०० स्क्वेअर फूट म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायचं तर दिवसाला सहा मिमी तरी धरा, म्हणजे रोजचे पावणेतीनशे लिटर. फेब्रुवारी ते मे चार महिने, तेहतीस हजार लिटर, ५००० लिटरचे साडेसहा टँकर. गुरुजी गणिताचेच शिक्षक, त्यांनी वहीत परत करून बघितलं आणि वही मिटली. उलट बाजूला छत. हजार स्क्वेअर फुटाच्या छतावर साडेसातशे मिमी पाऊस पडला आणि त्यातला वीस टक्के वाया गेला धरला तरी पंचावन्न-साठ हजार लिटर पाणी येतं, आणि ते सगळं एका पाइपातून मागच्या कोपऱ्यात पडून तिथंच डबकं व्हायचं. तो कोपरा पुढं गोष्टीत येणार आहे.

आता माती. खणून बघितलं तर वर फूटभर भराव, मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे, मग खाली अडीच तीन फूट अस्सल काळी, आणि मग मुरूम. बरं, खड्डा खणला तर पाणी किती मुरतं ते बघायचं असतं, दोन फूट खणायचं, दोन बादल्या ओतायच्या, घड्याळ लावायचं. आम्ही मे मध्ये ओतल्या. वीस मिनिटांत पाणी गायब. मी खूश. म्हटलं निचरा झकास आहे, काहीही लावा.

इथंच घोळ झाला, पण तो कळायला सप्टेंबर उजाडावा लागला.

लावायचं काय याची यादी मी मोठ्या उत्साहानं केली होती. गेटजवळ आपटा. पुढच्या कोपऱ्यात बहावा. कडेनं तरवड, अडुळसा, कोरांटी, निर्गुडी. वेलींमध्ये शतावरी आणि गुळवेल. मध्ये धायटी, पारिजातक, चित्रक, दोन अबोली. लॉनच्या जागी साधी हराळी, तीसुद्धा शंभरेक स्क्वेअर फूट, बाकी जागेत मुरमाची पायवाट. एकूण २४ झाडं.

गुरुजींच्या बायकोला, म्हणजे काकूंना, यादी वाचून दाखवली तर त्या तरवडापाशी थांबल्या. "अवो हे तरवड आमच्या रानाच्या बांधावर लई हाय, शेळी पन तोंड लावत न्हाई त्याला. बांधावरचं घरापुढं आणून लावायलाव का तुम्ही? त्याला कोन पैसे देतंय?"

खरं सांगायचं तर याला माझ्याकडं तेव्हा चांगलं उत्तर नव्हतं. शेळी तोंड लावत नाही हाच त्याचा गुण आहे असं काहीतरी बोललो. पिवळी फुलं येतात, साल पूर्वी कातडी कमवायला वापरायचे, वगैरे वगैरे. काकू ऐकून घेतल्यासारखं करून आत गेल्या. जाता जाता एक अट घातली, मोगरा, जास्वंद आणि कढीपत्ता पाहिजेच, देवाला फूल विकत आणणार नाही. आणि ती अट बरोबर होती. देशी झाडांचं खूळ डोक्यात घेतलेला माणूस घरातल्या बाईला मोगरा नको म्हणतो आणि दोन वर्षांनी ती बाग कुणीच बघत नाही, हे मी दोन ठिकाणी बघितलंय. म्हणून पाणी लागणारी झाडं सगळी एका जागी, मोरीच्या मागं घेतली, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, एक लिंबू, आळू. मोरीचं पाणी तिकडं वळवलं. फक्त काकूंना सांगितलं की पावडरच्या पहिल्या फेसाचं पाणी गटारात जाऊ द्या आणि खळबळून काढलेलं दुसरं तिसरं पाणी झाडाला, कारण साबणातलं सोडियम काळ्या मातीत साठलं की माती चोपून दगड होते. तांदळाचं डाळीचं धुवण तर त्या आधीपासूनच कढीपत्त्याला घालायच्या.

कोनोकार्पस काढायला गुरुजी तयार नव्हते. त्यांचं म्हणणं अगदी रास्त, दुष्काळात हाच एक टिकला, आणि तू दुष्काळात टिकणारंच लावायला आलास ना? मुद्दा बिनतोड होता. कमी पाण्यात तगणारं आणि आपल्याकडचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तोंडानं सांगून पटत नाही. पटवलं ते ड्रेनेजच्या चेंबरनं. तुंबलं म्हणून झाकण उघडलं तर आत मुळांचा हा एवढा जुडगा, नारळाच्या काथ्यासारखा, पाइपाच्या जोडातून घुसलेला. तो कोनोकार्पसचाच. तगला होता तो काही तपश्चर्येनं नाही, सांडपाणी पिऊन. (पुढं २०२३ मध्ये गुजरात सरकारनं या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली, तेव्हा गुरुजींनी मला पेपरचं कात्रण व्हॉट्सॲपला पाठवलं.) बोगनवेल मात्र ठेवली. ती दक्षिण अमेरिकेची आहे हे मला माहितीये, पण २०१६ मध्ये एक तांब्या पाणी न घेता जी उभी राहिली आणि जिनं कुणाचं काही बिघडवलं नाही तिला मी कशाला काढू. सीताफळ तरी कुठं आपलं, तेही अमेरिकेकडूनच आलेलं, आणि बालाघाटच्या माणसाला जाऊन सांगा बरं की सीताफळ परकं आहे म्हणून.

मृगाचा पाऊस बरा झाला आणि जूनच्या शेवटी आम्ही लागवड केली. रोपं दोन ठिकाणची, बरीचशी सरकारी रोपवाटिकेतली, काळ्या पिशवीतली वीत-दीड वीत उंचीची, आणि बहावा, पारिजातक, अबोली खासगी नर्सरीतली, मोठी, कारण गुरुजींना काहीतरी लगेच दिसायला पाहिजे होतं. दोन बाय दोन बाय दोनचे खड्डे, खाली पालापाचोळा, शेणखत, वर परत तीच काळी माती. पुस्तकात असतं तसं.

ऑगस्टमध्ये जोराचा पाऊस झाला. शतावरीच्या तीन वेली पिवळ्या पडल्या. मला वाटलं पाणी कमी पडतंय, कारण वरची माती वाफसा दाखवत होती, म्हणजे ओल उतरून मोकळी झालेली दिसत होती. मी गुरुजींना फोनवर सांगितलं एक दिवसाआड तांब्याभर घाला. म्हणजे बघा, बुडणाऱ्याला पाणी पाजायला सांगितलं मी. मग धायटी गेली, दोन्ही. मग बहावा, पाच फुटाचा, पानं खाली लोंबकळली आणि आठ दिवसात काठी. सप्टेंबरात चित्रक. मी नर्सरीवाल्याला दोष दिला, रोपं चांगली नव्हती म्हणून. मग हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, असेल म्हणून औषध सोडलं. हुमणी नव्हती.

मेलेला बहावा उपटला तेव्हा कळलं. मुळं काळी, बोटात धरली तर साल सुटून हातात येत होती आणि वास असा की नाल्याचा. आणि तो खड्डा बघता बघता खालून पाण्यानं भरायला लागला. पाऊस थांबून तीन दिवस झाले होते.

त्याचं असं आहे की काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात, काही ठिकाणी हात जाईल एवढ्या. मे मध्ये आम्ही ओतलेल्या बादल्या मातीत मुरल्याच नव्हत्या, त्या भेगांतून खाली पळाल्या होत्या. पहिले दोन चार पाऊस झाले की हीच माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग तिच्यातून पाणी जवळजवळ हलतच नाही. आम्ही त्यात खड्डा करून भुसभुशीत खत भरलं, म्हणजे चोवीस हौद बांधले आणि प्रत्येक हौदात एक झाड उभं केलं. शेतकऱ्याच्या पोराला हे कळायला पाहिजे होतं. रानात आम्ही सरी वरंबा करतोच की, सोयाबीनला रुंद वरंबे करा म्हणून सगळे सांगत असतात, पण घराच्या अंगणात आलं की आपण माळी होतो आणि रान विसरतो.

गुरुजींना सांगितलं तर ते खुर्चीत मागं टेकून हसायलाच लागले. "लातुरात झाड पाणी जास्त होऊन मेलं म्हणायलास? लोकं हसतील की मला."

एकूण सात झाडं गेली. आणि जगली कोण ते बघितल्यावर अजून लाज वाटली, कारण जागाच उत्तर देत होती. डबक्याच्या कोपऱ्यातली निर्गुडी चार फूट झाली होती, तिला ओढ्याकाठी राहायची सवयच आहे. तरवड जगला तो भरावाच्या उंचवट्यावरचा. आपटा पेव्हरच्या कडेला थोडा वर होता, तोही टिकला. मी यादी दुष्काळ बघून केली होती, पण आपल्या झाडांना दोन्ही लागतं, चार महिने ओल आणि आठ महिने काही नाही, आणि त्यातली माळावरची झाडं वेगळी, ओढ्याची वेगळी. दोन्ही देशीच.

दुरुस्ती दिवाळीनंतर केली. दोन ब्रास मुरूम आणला आणि झाडांच्या जागी सव्वा फूट उंच गादीवाफे केले, मुरूम, काळी माती आणि खत मिसळून, साधारण निम्मा मुरूम. कडेला फक्त दगड रचले, सिमेंट नाही. वाफ्यांच्या मधून उथळ चर काढला आणि त्याचा उतार मागच्या कोपऱ्याकडं दिला, तिथं निर्गुडीच्या जोडीला वाळा लावला. छताचा पाइप गाळणी बसवून बोअरकडं वळवला. आणि घराच्या भिंतीला लागून तीन फूट पट्टा पूर्ण कोरडा ठेवला, त्यात नुसती खडी. हे शेवटचं बागेपेक्षा घरासाठी. काळ्या मातीत पायाला लागून लॉन करून रोज पाणी पाजलं की माती फुगते आकसते, फुगते आकसते, आणि मग बेडरूमच्या कोपऱ्यात तिरपी भेग येते. गुरुजींच्या हॉलला ती आलेलीच होती, त्यांना वाटायचं मिस्त्रीनं चोरी केली. शिवाय काकूंना सापाची भीती, तो मोकळा पट्टा बघून ती कमी झाली.

आच्छादनात पण एक फजिती झाली. उसाचं पाचट फुकट मिळालं म्हणून चार इंच जाड पसरलं, आणि दोन महिन्यात वाळवी, थेट मागच्या दाराच्या चौकटीपर्यंत. पाचट भिंतीपासून लांब ओढलं, घराजवळच्या वाफ्यांवर खडी, आणि लांबच्या वाफ्यांवर सोयाबीनचं भुसकट पातळ, ते एका पावसाळ्यात कुजून जातं म्हणून दरवर्षी नवीन. गुरुजींच्या जावयानं पुण्याहून पांढऱ्या गोट्यांच्या सहा गोण्या पाठवल्या होत्या, नेटवर बघून. एप्रिलच्या दुपारी त्यावर हात ठेवून दाखवा म्हटलं. त्या आता बोअरच्या गाळणीत आहेत.

मेलेल्यांच्या जागी २०१८ च्या जुलैत परत लावलं, सगळी लहान रोपं. आणि त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला, ऑक्टोबरमध्ये राज्यात दुष्काळ जाहीर झाला. म्हणजे खरी परीक्षा २०१९ चा उन्हाळा. पाण्याचं वेळापत्रक असं होतं, नवीन झाडाला दर पाच दिवसांनी दहा लिटर, एकदम, खोल, तांब्या तांब्यानं रोज नाही. चोवीस झाडांना तसं दिलं तरी रोजचे पन्नास लिटर सुद्धा पडत नाहीत, लॉनच्या पावणेतीनशेपुढं. काहींना मटकं पुरलं होतं, कच्च्या भाजणीचं, गळ्यापर्यंत मातीत, वर झाकण. मटक्यातही काळ्या मातीनं खोडी काढली, माती आकसली की मटक्याच्या आणि तिच्या मध्ये फट पडते आणि झिरपलेलं पाणी झाडापर्यंत जातच नाही, म्हणून भोवती पोयट्याची माती ठासून भरावी लागली.

त्या उन्हाळ्यात तीन गेली. दोन अबोली आणि पारिजातक, तिन्ही खासगी नर्सरीतली पहिल्या लॉटची. उपटून बघितलं तर मुळं दोन वर्षांनीही पिशवीच्या आकारातच गोल फिरत होती, बाहेर निघालीच नव्हती. सरकारी रोपवाटिकेतला वितीचा आपटा तोपर्यंत त्यांच्या डोक्यावरून गेला होता. तेव्हापासून मी कुणालाही पाच फुटी झाड विकत घेऊ देत नाही, कितीही रुसले तरी.

देशी झाड म्हणजे पाणीच नको असं सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्या की पहिले दोन उन्हाळे पाणी लागतंच. २०२० पासून मात्र मोरीमागचा ओला कोपरा सोडला तर बाकी बागेला पाइप लावलेला नाही. हराळी मार्चमध्ये पिवळी पडते, एप्रिलमध्ये मेल्यासारखी दिसते, आणि मृगाच्या दुसऱ्या पावसाला हिरवी होते. पहिल्या वर्षी शेजारी विचारायचे, गुरुजी गावाला गेलेत का.

काकूंचं आणि तरवडाचं मी काही जमवून आणलं नाही, नवरात्रानं आणलं. घटाला तरवडाच्या फुलांची माळ लागते, आणि शहरात ती फुलं कुठं मिळणार, बांध कुठं राहिलेत. गल्लीतल्या दोघी-तिघी सकाळी परडी घेऊन यायला लागल्या. त्यात हैदराबादहून बदली होऊन आलेलं एक कुटुंब होतं, ती बाई झाड बघून इतकी हरखली, त्यांच्याकडं बतुकम्मा या फुलांच्या सणाला हीच फुलं लागतात, तेलंगणाचं तर ते राज्यफूलच. त्या दिवसापासून तरवडाला काकू स्वतः खुरपतात. मध्ये एकदा हिरव्या अळ्यांनी झाड पार झोडपलं, गुरुजी पंप घेऊन तयार, काकूंनीच अडवलं म्हणे. पंधरा दिवसांत पालवी परत आली आणि फिकट पांढरट फुलपाखरं अंगणभर. दसऱ्याला आपट्याचं उलट होतं, तिथं गुरुजींना गेट लावून बसावं लागतं, लोक फांद्याच्या फांद्या ओरबाडतात.

गुरुजींची एक हौस मात्र अडून आहे. ताम्हण लावायचा, राज्यफूल आहे म्हणून. मी सांगितलं ते नदीकाठचं, भरपूर पावसाचं झाड, कोकणात शोभतं, तर म्हणाले मग निर्गुडीच्या कोपऱ्यात लाव, तू म्हणतोस ना तिथं पाणी साचतं. याला माझ्याकडं उत्तर नाही. पावसाळ्यात साचतं, मे मध्ये तिथंही भेगा असतात. एक लावलाय, बघू.

गेल्या मे मध्ये त्यांच्या समोरच्या प्लॉटवाल्यानं मला फोन केला, त्यांनाही असंच करून पाहिजे. माणूस हुशार, आधीच दोन फूट खड्डा खणून बादली ओतून व्हिडिओ काढला होता, वीस मिनिटांत पाणी गायब. मी म्हटलं खड्डा बुजवू नका, जुलैत तीन पाऊस झाले की परत ओता आणि मग मला बोलवा.